‘शांत केनी’ची नवी तबकडी

ट्रंपेट म्हटले की आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम लग्नाची वरात उभी राहते. लाल कोट, पितळी बटणे, फुगवलेले गाल आणि चार आळ्यांना ऐकू जाईल असा तो तीव्र स्वर. ज्यांना जुन्या चित्रपटसंगीताची गोडी आहे त्यांना १९५१ सालचा ‘अलबेला’ आठवेल. सी. रामचंद्रांच्या त्या संगीतातली वाद्यांची धमाल आठवेल, आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबई गाजवणारे गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ आठवतील. कुठेही पाहावे, हे वाद्य हाक मारण्यासाठीच जन्माला आल्यासारखे वाटते. शिंग, तुतारी आणि ट्रंपेट ही एकाच कुळातली भावंडे. रणांगणावर, राजद्वारी, मिरवणुकीच्या अग्रभागी त्यांचे स्थान.

अशा वाद्याने कुणाच्या कानाशी येऊन हलक्या आवाजात मनातले सांगावे, ही गोष्ट जरा विपरीतच. केनी डोरॅम या अमेरिकन वादकाने १९५९ साली ती करून दाखवली. ‘क्वाएट केनी’, म्हणजे ‘शांत केनी’, असे त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव. ती निघाली तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. आज मात्र तिची मूळ प्रत चांगल्या स्थितीत सापडली तर संग्राहक हजार डॉलरांहून अधिक मोजायला तयार असतात. ज्यांना तेवढे परवडत नाही, किंवा घासलेल्या जुन्या प्रतीपेक्षा निर्मळ नवी प्रत ज्यांना अधिक प्रिय, अशांसाठी ती पुन्हा पुन्हा नव्याने काढली गेली. १९८० च्या दशकात एकदा निघाली, आणि पुढे जाड, वजनदार व्हायनिलवर, मोठ्या निगुतीने कापलेल्या आवृत्त्याही आल्या. तिकडे ज्यांना ‘ऑडिओफाइल’ म्हणतात, म्हणजे स्वराइतकेच ध्वनीच्या शुद्धतेवर प्रेम करणारे शौकीन, त्यांच्यासाठी हा खटाटोप असतो. त्यांच्या शौकाला हसणारेही पुष्कळ आहेत. पण या एका तबकडीच्या बाबतीत हसण्यापूर्वी थोडे थांबावे, असे काही कारण आहे.

१३ नोव्हेंबर १९५९ हा शुक्रवार होता. पाश्चात्त्य लोकसमजुतीप्रमाणे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ. न्यू जर्सी राज्यातील एंगलवूड क्लिफ्स या गावी त्या दिवशी चार वादक जमले. ट्रंपेटवर डोरॅम, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, उभ्या बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर आर्ट टेलर. यांतील शेवटच्या तिघांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात याच तिघांनी जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाला ‘जायंट स्टेप्स’च्या ध्वनिमुद्रणात साथ केली होती. त्या रचनेतील स्वरसंगतींची पळापळ इतकी दमछाक करणारी आहे, की फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादकही तेथे अडखळताना ऐकू येतो. तेच हात, तीच बोटे सहा महिन्यांनी डोरॅमबरोबर बसली, तेव्हा त्यांना कुठेच जाण्याची घाई नव्हती. साथीदारांचे खरे मोल कळते ते अशा ठिकाणी. धावण्याची शक्ती अंगात असताना संथ चालणे आणि धावताच येत नाही म्हणून संथ चालणे, यांतला फरक जाणकाराच्या कानाला चटकन उमगतो.

चौघांच्या मेळात ट्रंपेटवाल्याला आडोसा नसतो. एरवी जॅझमधील मेळात ट्रंपेटच्या जोडीला सॅक्सोफोन असतो. एकाचा दम गेला की दुसरा सूत्र हाती घेतो, आणि मुखड्याची सुरावट दोघे मिळून वाजवीत असल्याने एकाची कुरूपता दुसऱ्याच्या आवाजात झाकली जाते. येथे तसे कोणीच नाही. मुखडा एकट्याने मांडायचा, विस्तार एकट्याने करायचा, आणि ओठांवर धातूची कड दाबली जात असताना श्वास कुठे तुटला, कुठे सावरला, हे सारे उघड्यावर यायचे. आपल्याकडील गवयाला तंबोऱ्याच्या जोडीवर, हार्मोनियमशिवाय गायला बसवावे, तशातला हा प्रकार.

डोरॅमने या अडचणीतून आपली वाट काढली. वरच्या पट्टीत किंकाळ्या मारून टाळ्या घेण्याचा मोह त्याला पडलेला दिसत नाही. त्याचा स्वर किंचित जाडसर, कडेला थोडा धूसर. स्वर लागण्यापूर्वी ओठांतून सुटणारी हवा पुष्कळदा ऐकू येते. ‘लोटस ब्लॉसम’, म्हणजे कमलपुष्प, ही त्याची स्वतःची रचना प्रारंभी येते. तिच्या चालीत पौर्वात्य वळणाचा भास आहे, पण तो नुसता भास. लगेच ती आपल्या घरच्या लयीत शिरते. ‘ब्लू फ्रायडे’ ही त्याचीच संथ ब्लूज, सर्वांत लांब, पावणेनऊ मिनिटांची. आणि पहिल्या बाजूच्या शेवटी ‘अलोन टुगेदर’ ही आर्थर श्वार्ट्झची १९३२ सालची जुनी चाल येते. ती जेमतेम सव्वातीन मिनिटांची. डोरॅम तिथे विस्तार म्हणून वेगळे काही मांडीत नाही. चालच इतक्या सावकाश आणि इतक्या जवळून वाजवतो, की दोन स्वरांमधील रिकामी जागा हीच त्या रचनेची खरी वस्तू होऊन बसते.

या ठिकाणी तबकडीच्या कारागिरीचा प्रश्न उपस्थित होतो. कारण रिकामी जागा छापून काढणे हे तबकडीच्या धंद्यातील सर्वांत अवघड काम आहे.

पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख बव्हंशी भारताच्या जंगलांतून जाई. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्याची ती लाख! न्यू यॉर्कच्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या कित्येक गाण्यांच्या अंगात आपल्याकडील रानातला रस मिसळलेला होता. परंतु लाखेत खरखर फार. दगडाची बारीक पूड तिच्यात मिसळावी लागे, आणि सुई त्या पुडीवरून खरवडत जाई. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला साडेतेहतीसच्या आसपास फेऱ्या घेणारी व्हायनिलची लांब तबकडी आणली. तिने ती खरखर पुष्कळ कमी केली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. तरीही लहान कंपन्या काटकसर करीत. वितळवून पुन्हा वापरलेले व्हायनिल, घाईने दाबलेली प्रत, झिजलेला ठसा, या गोष्टी त्या काळी नवलाच्या नव्हत्या. नाचाच्या जोरकस संगीतात थोडी सळसळ खपून जाते. ‘अलोन टुगेदर’मध्ये ती खपत नाही. तिथे कडकन एक धूळकण वाजला तर भरल्या सभेत गवयाने षड्ज लावतानाच कुणी खुर्ची सरकवावी, तसे होते.

मूळ ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांविषयी थोडे सांगितले पाहिजे. रूडी व्हॅन गेल्डर हे व्यवसायाने डोळे तपासून चष्मे देणारे. हॅकेन्सॅक या गावातील आईवडिलांच्या राहत्या घराच्या दिवाणखान्यात त्यांनी ध्वनिमुद्रणाचा छंद सुरू केला, आणि जॅझचे कितीतरी मोठे वादक त्या दिवाणखान्यात येऊन वाजवून गेले. १९५९ च्या उन्हाळ्यात त्यांनी एंगलवूड क्लिफ्सला स्वतंत्र वास्तू उभी केली. लाकडी कमानींवर पेललेले ३९ फूट उंचीचे छत, आत शिरणाऱ्याला प्रार्थनामंदिराची आठवण व्हावी असे. ‘क्वाएट केनी’ त्या नव्या वास्तूच्या पहिल्या काही महिन्यांतले. गृहस्थ मोठे शिस्तीचे. हातमोजे घालून यंत्रे हाताळीत, वादकांना मायक्रोफोनला हात लावू देत नसत, आणि आपली गुपिते कोणास सांगत नसत. तबकडीचा मूळ ठसाही स्वतःच कापीत. त्यांच्या हातची तबकडी ओळखण्याची खूण म्हणजे मधल्या लेबलाच्या कडेला, जिथे संगीत संपते त्या गुळगुळीत पट्ट्यात उमटवलेली ‘आर व्ही जी’ ही तीन अक्षरे. २०१६ साली ९१ व्या वर्षी ते वारले. आज जुन्या तबकड्यांच्या बाजारात ग्राहक आधी तबकडी उजेडात तिरपी धरून ती अक्षरे शोधतो, मग किंमत विचारतो.

नवी आवृत्ती काढायची म्हणजे हेच काम पुन्हा पहिल्यापासून करायचे. मूळ चुंबकीय फीत गोदामातून काढायची. ती साठ वर्षांहून जुनी. वेटोळे करून ठेवलेल्या फितीत एका थरावरचे चुंबकत्व शेजारच्या थरावर हलकेच उमटते आणि स्वरापूर्वीच त्याची सावली ऐकू येते. वारंवार वाजवल्याने वरच्या पट्टीची चमक उतरते. कुठे जोड सुटलेला असतो. ती फीत जपून यंत्रावर चढवून तिच्यावरील ध्वनी थेट कापणीच्या लेथकडे न्यायचा. तेथे ॲल्युमिनियमच्या चकतीवर मऊ लॅकरचा लेप असतो, आणि तापलेली माणकाची सुई त्यात केसाएवढ्या रुंदीची नागमोडी खाच कोरीत जाते. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी रुंद होईल की शेजारची खाच फुटेल. म्हणून खर्ज दाबून आणि तार उंचावून कापतात, आणि ऐकणाऱ्याच्या घरातील यंत्र ते उलटे फिरवून मूळ तोल परत आणते. या तोलाचे माप १९५० च्या दशकात सर्वांनी मिळून एक केले, तेव्हापासून तो घोळ मिटला.

पुढची पायरी मुलाम्याची. कापलेल्या लॅकरवर चांदीचा पातळ थर, त्यावर निकेल. निकेलची ती पाठ सोलून काढली की खाचेच्या जागी उंचवटा असलेला उलटा ठसा हाती येतो. त्यावरून पुन्हा सुलटा, आणि सुलट्यावरून छापण्याचे उलटे ठसे, अशी पिढ्यांची परंपरा चालते. पिढी वाढली की बारकावा थोडा थोडा झिजतो. म्हणून अलीकडे काही कंपन्या मधल्या पिढ्या गाळून पहिल्याच निकेलवरून छापतात. त्यात प्रती थोड्या निघतात, लॅकर पुन्हा पुन्हा कापावे लागते, आणि किंमत अर्थातच चढते. १८० ग्रॅम वजनाचा पुष्कळ डांगोरा पिटला जातो. वजनाने ध्वनी सुधारतोच असे नाही. जाड चकती सहसा वाकत नाही आणि हातात घेतल्यावर भारदस्त वाटते, एवढे खरे. भारदस्तपणाचेही पैसे पडतात!

खाचेच्या या प्रवासात एक भूमितीची अडचण आहे, आणि ती आपल्या ‘अलोन टुगेदर’च्या मुळावर येते. तबकडी फिरते एकाच गतीने, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि आतल्या कडेला जेमतेम २० सेंटीमीटर. म्हणजे तेवढाच मजकूर निम्म्याहून कमी जागेत दाटीने लिहायचा. म्हणून जोरकस रचना बाहेर आणि हळुवार रचना आत, असा जुन्या जाणत्यांचा रिवाज होता. ‘क्वाएट केनी’च्या पहिल्या बाजूची मांडणी त्याला धरूनच आहे. मोठ्या आवाजाने तिथे फाटाफूट होत नाही, हे खरे. पण हळुवार रचनेच्या मागे तबकडीची स्वतःची सळसळ लपायला काही उरत नाही. म्हणजे सर्वांत शांत चीज सर्वांत गैरसोयीच्या जागी येऊन बसली. अशा वेळी व्हायनिल निर्मळ असणे, ठसा ताजा असणे, भोक अगदी मध्यावर असणे, या गोष्टी चैनीच्या राहत नाहीत. डोरॅमचा श्वास ऐकू येणार की नाही, ते त्यांवर ठरते. ‘क्वाएट केनी’च्या शौकिनाला हसण्यापूर्वी थांबावे म्हटले, ते यासाठी.

याचा अर्थ शौकिनांचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असा मात्र नव्हे. २०२२ सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या जगात मोठी खळबळ उडाली. कॅलिफोर्नियातील एक नामांकित कंपनी मूळ फितीवरून महागड्या आवृत्त्या काढीत असे. फितीपासून खाचेपर्यंत मध्ये कुठेही संगणकाचे आकडे येत नाहीत, अशी तिच्या ग्राहकांची समजूत होती आणि त्या समजुतीपोटी ते आनंदाने पैसे मोजीत. मग उघड झाले की कंपनी गेली कित्येक वर्षे बहुतेक आवृत्त्यांसाठी प्रथम फितीची अंकीय नक्कल करून घेई आणि तबकडी त्या नकलेवरून कापी. प्रकरण न्यायालयात गेले आणि ग्राहकांना परतावा देऊ करण्यापर्यंत पोहोचले. त्यात गंमत अशी की त्याच तबकड्यांना शौकिनांनी वर्षानुवर्षे अव्वल ठरवले होते. अंकीय ध्वनी कानाला ताबडतोब बोचतो म्हणणाऱ्यांच्या कानांना तो बोचला नव्हता. कंपनीने सत्य झाकून ठेवले हा दोष होताच. पण त्या निमित्ताने हेही दिसून आले की माणूस पुष्कळदा कानाने कमी आणि वेष्टनावरील मजकुराने अधिक ऐकतो. यज्ञात तूप गाईचेच हवे म्हणून हट्ट धरणारा यजमान वास घेऊन ते ओळखू शकेलच, अशी खात्री कोणी देत नाही.

तरीही हा शौक वाढतो आहे. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांचा खप ४ कोटी १० लाखांवर गेला. कॉम्पॅक्ट डिस्कचा खप ३ कोटी ३० लाखच राहिला. १९८७ नंतर तबकडीने डिस्कला मागे टाकण्याची ती पहिलीच वेळ. धंद्याचा हा डोलारा किती नाजूक पायावर उभा आहे, ते दोन वर्षांपूर्वी कळून चुकले होते. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे लॅकर-चकत्यांचा एक कारखाना जळाला. अशा चकत्या करणारे कारखाने जगात दोनच होते. दुसरा जपानात, आणि तो लहान.

आता त्या वादकाकडे वळले पाहिजे. तो या साऱ्या खटाटोपाचा धनी, पण यातले काहीही पाहायला तो राहिला नाही. मॅकिन्ली हॉवर्ड डोरॅम हे त्याचे पूर्ण नाव. ३० ऑगस्ट १९२४ रोजी टेक्सासमधील फेअरफील्ड गावाजवळ त्याचा जन्म झाला. त्याची कारकीर्द पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते. कोणाची जागा रिकामी झाली की डोरॅमला बोलावणे येई. १९४८ च्या अखेरीस माइल्स डेव्हिस चार्ली पार्करला सोडून गेला, तेव्हा त्या जागी डोरॅम उभा राहिला. १९५६ च्या जूनमध्ये क्लिफर्ड ब्राउन मोटार-अपघातात गेला. त्याला अजून सव्वीसही पुरी झाली नव्हती. मॅक्स रोचच्या मेळात त्याच्या जागी उभे राहण्याचे अवघड काम पुन्हा डोरॅमकडेच आले. आर्ट ब्लेकी आणि होरेस सिल्व्हर यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’चा तो अगदी सुरुवातीचा ट्रंपेटवादक. तिथूनही तो लवकरच बाहेर पडला. डेव्हिसचे नाव झाले, ब्राउनची आख्यायिका झाली. डोरॅमला व्यवसायातल्या मंडळींचा आदर मिळाला, आणि आदरावर घरभाडे भागत नाही. संगीताबाहेरच्या नोकऱ्या त्याने वेळोवेळी केल्या. १९६० च्या दशकाच्या मध्याला ‘डाउनबीट’ मासिकात इतरांच्या तबकड्यांची परीक्षणेही लिहिली. स्वतःच्या नावाची शेवटची तबकडी १९६४ च्या सप्टेंबरात मुद्रित झाली. ‘ब्लू बोसा’ ही त्याची रचना जगभरचे विद्यार्थी आज पहिल्या वर्षात शिकतात. ती प्रथम निघाली १९६३ साली, जो हेंडरसनच्या तबकडीवर. अखेरीस मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला ग्रासले, आणि ५ डिसेंबर १९७२ रोजी न्यू यॉर्कमध्ये तो वारला. वय अवघे ४८. पॉल चेंबर्स त्याच्याही आधी, १९६९ साली, तेहतिसाव्या वर्षीच गेला होता.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे साथीदाराला वादक-संघटनेने ठरवून दिलेला मेहनताना मिळे, आणि व्यवहार तेथे संपे. तबकडी पुढे कितीदा निघाली, कितीला विकली गेली, याच्याशी त्याचा सहसा संबंध राहत नसे. ज्या ‘प्रेस्टिज’ कंपनीच्या ‘न्यू जॅझ’ या शाखेने ‘क्वाएट केनी’ काढली, ती तालमीसाठी वेगळे पैसे खर्च न करण्याबद्दल प्रसिद्ध होती. वादकांनी यावे, वाजवावे, जावे. १९७१ साली ती कंपनी विकली गेली, नंतर तिचा खरेदीदारही विकला गेला, आणि फितींची मालकी या हातातून त्या हातात गेली. मूळ प्रतीला आज हजार डॉलरांहून अधिक पडतात, त्यांतला एकही डॉलर डोरॅमकडे जाण्याचा मार्ग कधीच नव्हता. जुनी प्रत विकणारा आणि घेणारा, दोघांचाच तो सौदा. नव्या आवृत्तीची गोष्ट किंचित निराळी. तिच्यातील तीन रचना डोरॅमच्या स्वतःच्या आहेत, आणि छापलेल्या प्रत्येक प्रतीमागे रचनाकाराचा वाटा कायद्याने लागू होतो. त्या दृष्टीने पाहिले तर काचेच्या कपाटात ठेवलेल्या मूळ प्रतीपेक्षा दुकानातून घेतलेली नवी प्रत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

नवी तबकडी टर्नटेबलवर चढवली, की साडेएकवीस मिनिटांत सुई ‘अलोन टुगेदर’च्या शेवटाशी येते. फ्लॅनगनचा पियानो आवरता घेतो. डोरॅमचा शेवटचा स्वर बारीक होत होत त्याच्या श्वासात मिसळतो, आणि ३९ फूट उंच छताखालची ती हवा क्षणभर तशीच राहते. चांगल्या प्रतीत तेवढा क्षण ऐकू येतो. मग सुई गुळगुळीत पट्ट्यात शिरते. तेथे चकतीचा क्रमांक असतो, आणि बहुधा नवे लॅकर कापणाऱ्या तज्ज्ञाची आद्याक्षरे. सुई त्या अक्षरांजवळून गोल गोल फिरत राहते, कोणी उठून ती उचलीपर्यंत.